लेझर का दुर्बीण?

आमच्याकडं कुणाचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं की भेटायला आलेला माणूस दारातच विचारतो, "लेझरनं केलं का दुर्बिणीनं?" अमळनेर असो, पारोळा असो नाहीतर चोपडा, प्रश्न हाच. त्यात एक छुपी प्रतवारी असते. लेझर म्हटलं की समोरच्याच्या भुवया वर जातात, म्हणजे पोरगा चांगला कमावतोय. दुर्बीण म्हटलं की "बरं, बरं," आणि विषय कापसाच्या भावाकडं वळतो.

माझं औषधाचं दुकान आहे. हा प्रश्न मी वर्षानुवर्षं काउंटरच्या आतून ऐकला आणि गेल्या हिवाळ्यात खाटेवर पडून ऐकला. उत्तर द्यायचा कंटाळा येतो, कारण प्रश्नच लंगडा आहे. लेझरचा धागा आत जातो तोसुद्धा दुर्बिणीतूनच. टीयूआरपी (विजेच्या तारेनं तासणं) असो की होलेप (लेझरनं सोलणं), वाट एकच, लघवीच्या मार्गानं, बाहेरून टाका वगैरे काही नाही. आत गेल्यावर सर्जनच्या हातात कोणतं हत्यार आहे आणि त्यानं तो प्रोस्टेटची ग्रंथी तासतो की सोलतो, एवढाच काय तो फरक. त्याहून मोठा फरक माणसामाणसांत असतो. कुणाची ग्रंथी केवढी, कुणाचं मूत्राशय किती थकलंय, कुणाला रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, कुणाचं गाव हॉस्पिटलपासून किती लांब. आणि या सगळ्या पद्धतींमध्ये जी एक बाब खरोखर वेगवेगळी आहे, ती तर आमच्याकडं कुणी विचारतच नाही. तिच्याकडं येतो, पण वळसा घेऊन. आमच्या पिढीला ती सरळ बोलता येत नाही.

या दुखण्याचं गिऱ्हाईक दुकानात लगेच ओळखू येतं. ते गर्दीत येत नाही. रात्री साडेआठनंतर बायाबापड्या, पोरंटोरं पांगली की पांढरी टोपी घातलेले एखादे आबा पायरी चढतात आणि बंडीच्या खिशातून चुरगळलेली रिकामी पट्टी काढून ठेवतात. "भाऊ, ती राती उठानी गोळी दे." पट्टी टॅमसुलोसिनची, प्रोस्टेटच्या त्रासावरची. मी विचारतो, "काय व्हयनं आबा, त्रास वाढना का?" उत्तर ठरलेलं, "माले काय व्हस? म्हातारपन शे." पुष्कळदा पट्टी कापून पाचच गोळ्या मागतात. नातीच्या लग्नाला जायचंय, मांडवात सारखं उठावं लागायला नको, तेवढ्यापुरत्या. ही रोज घ्यायची गोळी आहे हे मी सांगतो. ते मान डोलावतात आणि पाचच घेऊन जातात.

म्हातारपण हे निम्मं खरं आहे. मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीला वेढून ही ग्रंथी बसलेली असते, तरुणपणी साधारण २० ग्रॅमची. चाळिशीनंतर तिचा नळीलगतचा आतला भाग हळूहळू वाढायला लागतो. साठीच्या आसपास निम्म्या पुरुषांत ही वाढ सापडते, ऐंशीच्या पुढं दहांतल्या आठ-नऊ जणांत. हा कर्करोग नव्हे, आणि या वाढीचा पुढं कर्करोग होतो असंही नाही. प्रोस्टेटचा कर्करोग बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात स्वतंत्रपणे उगवतो. गंमत अशी की वाढ आणि त्रास यांचा मेळ बसत नाही. ३० ग्रॅमवाल्याची लघवी तुंबते आणि ९० ग्रॅमवाला निवांत झोपतो. म्हणून नुसता सोनोग्राफीचा आकडा घेऊन घाबरायचं कारण नाही. डॉक्टर सात प्रश्नांचा एक तक्ता भरून घेतात, त्याचे ३५ पैकी गुण काढतात. ७ पर्यंत सौम्य, १९ पर्यंत मध्यम, २० पासून पुढं तीव्र. मग यंत्रावर लघवी करायला लावून धार मोजतात. सेकंदाला १५ मिलिलिटरच्या वर असेल तर बहुतेक ठीक, १० च्या खाली गेली तर वाटेत अडथळा असण्याची शंका. आणि लघवी झाल्यावर आत किती उरली, तेही सोनोग्राफीत बघतात. माझी धार ७ वर आली होती आणि मागं १८० मिलिलिटर उरत होती.

हिवाळ्यात मात्र गिऱ्हाइकाची एक वेगळीच जात येते. आमच्याकडं डिसेंबर-जानेवारीत शेतात भरीत पार्ट्या चालतात. काड्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी, कुणाकुणाचा पेला, आणि अंगावर येणारी थंडी. दुसऱ्या दिवशी नाक गळतं. माणूस कुठल्याही दुकानातून सर्दीची गोळी घेतो, आणि रात्री लघवी बंद. ओटीपोट दगडासारखं, माणूस तळमळतोय, घरचे गाडी शोधतायत. सर्दीच्या गोळीत नाक मोकळं करणारं जे औषध असतं ते मूत्राशयाचं तोंड आवळतं, आणि झोप आणणारं जे असतं ते मूत्राशयाचा जोर काढून घेतं. प्रोस्टेट आधीच दाटलेलं असलं की एवढं निमित्त पुरतं. म्हणून साठीपुढचा पुरुष सर्दीची गोळी मागायला आला की मी आधी लघवीचं विचारतो. काहींना राग येतो. येऊ दे. काही घरांत अजून पळसाची फुलं उकळून ओटीपोटावर शेक देतात. शेकानं आराम वाटतो, पण पूर्ण तुंबलेल्या माणसाला शेक देत रात्र काढायची नसते, नळी घालायला न्यायचं असतं.

गोळ्यांविषयी चार शब्द सांगतो, कारण ऑपरेशनची तुलना गोळ्यांपाशीच सुरू होते. टॅमसुलोसिन, सिलोडोसिन या जातीच्या गोळ्या मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू सैल करतात, काही दिवसांत फरक दिसतो. ग्रंथी त्यांनी लहान होत नाही. फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड ग्रंथी आकसवतात, पण त्यांना सहा महिने द्यावे लागतात, आणि त्यांच्यामुळं पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका तपासणाऱ्या रक्तचाचणीचा, आकडा साधारण निम्मा होतो. ही गोळी चालू असल्याचं न सांगता पीएसए तपासला तर वाढलेला आकडाही साळसूद दिसतो. टॅमसुलोसिनवाल्यानं मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यांच्या डॉक्टरला गोळीचं सांगायलाच हवं, नाहीतर टेबलावर बुबुळाचा पडदा लुळा पडून सर्जनची पंचाईत होते. आमच्याकडं मोतीबिंदूची शिबिरं होतात, बस भरून माणसं जातात, आणि बसमधल्या निम्म्यांच्या खिशात ही पट्टी असते.

गोळ्यांचा खरा धोका वेगळाच. त्या बऱ्यापैकी चालतात, म्हणून माणूस वर्षांमागून वर्षं ढकलतो. तोवर मूत्राशय अडथळ्याशी झुंजत जाड होतं, मग दमतं. एकदा का त्याचा जोर गेला की नंतर वाट कितीही मोकळी केली तरी धार परत येत नाही. लघवी पुन्हापुन्हा तुंबणं, वारंवार इन्फेक्शन, मूत्राशयात खडे, लघवीतून सारखं रक्त, किडन्यांवर सूज, यातलं एक जरी आलं तरी ऑपरेशन टाळू नये, हे सगळेच युरॉलॉजिस्ट सांगतात. मला स्वतःला वाटतं, आमच्या भागात चुकीचं ऑपरेशन झालेल्यांपेक्षा उशिरा ऑपरेशन झालेले जास्त भेटतात.

माझ्या मामांचं ऑपरेशन ऐंशीच्या दशकात धुळ्याला झालं, पोट उघडून. ओटीपोटावर उभा टाका, दोन-दोन नळ्या, आठ-पंधरा दिवस खाटेवर. मामा तो टाका लग्नाकार्यात धोतर जरा खाली ओढून दाखवायचे, लढाईतली जखम दाखवावी तसा. या उघड्या ऑपरेशनचा आपल्या देशाशी जुना संबंध आहे. पीटर फ्रेयर नावाचा आयरिश सर्जन तरुणपणी इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होता, मूत्राशयातले खडे फोडण्यात त्याचा हात बसला तो इथंच. लंडनला परतल्यावर १९०० च्या सुमारास त्यानं मूत्राशय उघडून बोटानं वाढलेला भाग अख्खा सोलून काढायची पद्धत रूढ केली. मोसंबीची साल जागेवर ठेवून आतला गर बोटानं सुटा करावा, तसं. साल, म्हणजे ग्रंथीचा बाहेरचा भाग, तिथंच राहतो.

पोट न उघडता काम व्हावं म्हणून टीयूआरपी आलं. अमेरिकेत मॅक्सिमिलियन स्टर्ननं १९२६ मध्ये त्याचं यंत्र दाखवलं, पुढं इतरांनी सुधारलं, आणि त्यानंतर कित्येक दशकं बाकीच्या पद्धतींची तुलना याच्याशीच होत आलीय. विजेच्या तारेच्या कडीनं वाढलेला भाग आतून पापुद्र्या-पापुद्र्यानं तासायचा, तुकडे धुऊन बाहेर काढायचे. जुन्या यंत्रात वीज चालायला आतलं पाणी बिनमिठाचं लागायचं, त्यात ग्लायसिन मिसळलेलं. ऑपरेशन लांबलं की ते पाणी उघड्या शिरांतून रक्तात शिरायचं, सोडियम उतरायचं, म्हातारा माणूस बडबडायला लागायचा, कधी जिवावर बेतायचं. म्हणून तासाभरात आटपायचं असा दंडक होता आणि ८० ग्रॅमच्या पुढच्या ग्रंथीला सर्जन सहसा हात घालत नसत. आता बायपोलर यंत्रात साधं सलाइन चालतं, ती भीती जवळजवळ गेली. दुर्बिणीचं ऑपरेशन जुनं म्हणून नाक मुरडणाऱ्यांना हे माहीत नसतं की त्या नावाखाली आतलं यंत्र कधीच बदललंय.

होलेप हे नव्वदच्या दशकात न्यूझीलंडच्या पीटर गिलिंगनं बसवलं. होल्मियम लेझरचा किरण पाण्यात लगेच शोषला जातो, ऊतीत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी उतरतो. त्यामुळं सालीच्या कडेकडेनं कापत, शिरा बंद करत वाढलेला अख्खा भाग सुटा करता येतो. तो मूत्राशयात ढकलायचा आणि दुसऱ्या यंत्रानं बारीक करून ओढून घ्यायचा. म्हणजे या नव्या लेझरनं केलं काय, तर फ्रेयरच्या बोटाचंच काम, पोट न उघडता. ग्रंथी १०० ग्रॅमची असो की २०० ची, चालतं. रक्त कमी जातं, नळी लवकर निघते, आणि वाढ मुळापासून निघत असल्यानं पुन्हा ऑपरेशनची पाळी फार क्वचित येते. टीयूआरपीत ती वर्षाला शंभरात एक-दोघांवर येते. धारेच्या बाबतीत मात्र, मध्यम आकाराच्या ग्रंथीत, दोघांत रुग्णाला कळण्याजोगा फरक नसतो. होलेप शिकायला अवघड आहे, सर्जनचा हात बसायला पन्नासेक ऑपरेशनं जावी लागतात असं सांगतात, आणि नंतर काही आठवडे खोकलं-शिंकलं की लघवी निसटायचा त्रास काहींना होतो.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आमच्या भागात उन्हाळा ४५ अंशांवर जातो, माणसं उन्हात राबतात, पाणी कमी पडतं, मुतखडे पिकतात. त्यामुळं तालुक्याच्या गावीसुद्धा पाटीवर 'लेझरची सोय' असं लिहिलेलं दिसतं. ते लेझर बहुधा खडे फोडायचं असतं. होल्मियम तेच, पण त्याची ताकद आणि सर्जनचा सराव वेगळा. पाटी बघून प्रोस्टेटचं लेझर होईल असं धरून चालू नये. सरळ विचारावं, "डॉक्टर, तुम्ही स्वतः होलेप किती केलीत?" चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

हिरव्या लेझरनं ग्रंथीची वाफ करतात, रक्त पातळ करायच्या गोळ्या ज्यांना सोडता येत नाहीत त्यांना ते सोयीचं, पण तपासणीला तुकडा हाती लागत नाही. पाण्याच्या जोरदार झोतानं कापणारं यंत्र आहे, शिरेतून कण सोडून ग्रंथीचा रक्तपुरवठा तोडायची रीत आहे. आमच्या गावगाड्याला यातलं फारसं लागू नाही, म्हणून पुढं जातो.

पुढं म्हणजे त्या न विचारलेल्या गोष्टीकडं. टीयूआरपी किंवा होलेपनंतर मूत्राशयाचं तोंड मोकळं राहतं, त्यामुळं संबंधाच्या वेळी वीर्य बाहेर यायच्याऐवजी उलटं मूत्राशयात जातं आणि नंतर लघवीतून निघून जातं. टीयूआरपीत तीनांतल्या दोघांना तरी हे होतं, होलेपमध्ये तितकंच किंवा थोडं जास्त. अपाय काही नाही. ताठरता वेगळी, ती बहुतेकांची होती तशीच राहते. "ऑपरेशन केलं की माणूस कामातून जातो" असं जे पारावर बोललं जातं, ते या दोन गोष्टींची गल्लत करून. पण वीर्य येणं थांबतं ते कायमचं, आणि तिथंच नव्या छोट्या पद्धतींचा खरा दावा आहे. युरोलिफ्टमध्ये काही कापत नाहीत, बारीक टाचण्यांनी ग्रंथीच्या दोन बाजू ओढून धरतात. रेझूममध्ये सुईतून नऊ-नऊ सेकंद वाफ सोडतात, मग ग्रंथी आठवड्यांनी आकसते. दोन्हींत वीर्य बाहेर येण्याचं सुख बहुधा शाबूत राहतं. त्याची किंमत टिकाऊपणात मोजावी लागते. युरोलिफ्टच्या मुख्य अभ्यासात पाच वर्षांत शंभरातल्या तेरा-चौदा जणांवर पुन्हा ऑपरेशनची वेळ आली, रेझूमच्या अभ्यासात चार-पाच जणांवर. धारही टीयूआरपीइतकी सुधारत नाही, आणि सोय आपल्याकडं मोठ्या शहरांपुरती. तरी निवड आहे ती हीच. धार आणि टिकाऊपणा एका पारड्यात, हे सुख दुसऱ्या पारड्यात.

आता आमच्याकडच्या डॉक्टरच्या खोलीचं चित्र बघा. खुर्चीत आबा, शेजारी पोरगा, मागं फाइल धरून सूनबाई. बोलणं डॉक्टर आणि पोरगा यांच्यात. खर्च, सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड, किती दिवस ठेवणार, नळी कधी काढणार. हे सगळं रीतसर विचारलं जातं. वीर्याचा विषय सुनेसमोर कोण काढणार? डॉक्टर इंग्रजी शब्द टाकून पुढं सरकतात, पोरगा मान हलवतो, आबा सही करतात. संमतीपत्रात ती ओळ असते. पंचाहत्तरीच्या विधुर माणसाचं तर घरानं परस्पर ठरवूनच टाकलेलं असतं की याला काय करायचंय.

पासष्टीतले एक गृहस्थ ऑपरेशननंतर काही महिन्यांनी दुकानात आले. गिऱ्हाईक जाईपर्यंत कोपऱ्यात थांबले, टूथपेस्ट बघत. मग हळूच म्हणाले, "भाऊ, डॉक्टरनी आत काही तोडी टाकं का?" मला आधी कळेना. कळलं तेव्हा त्यांना स्टुलावर बसवलं आणि सांगितलं की तुटलं काही नाही, वाट बदललीय, लघवीतून जातं. तेवढे महिने ते बायकोपासून लांब झोपत होते. त्यांची धार उत्तम होती. ऑपरेशन कागदावर शंभर टक्के यशस्वी. दोन वाक्यं आधी कुणी सांगितली असती तर त्यांनी बहुधा तेच ऑपरेशन निवडलं असतं, पण एवढे महिने धास्तीत काढले नसते.

माझ्या वेळी खोलीत मी, बायको आणि सुट्टी काढून आलेला मुलगा. डॉक्टर भले माणूस. कागदावर चित्र काढून समजावलं, आणि त्या जागी आल्यावर मुलाकडं बघत एक लांबलचक इंग्रजी शब्द उच्चारून पान उलटलं. मुलाला एकाएकी गाडी नीट लावली का ते बघायचं आठवलं. तो गेला तशी बायको म्हणाली, "ते मधलं काय सांगितलंत, ते पुन्हा सांगा." डॉक्टरांनी नीट सांगितलं, मराठीत. मग माझ्याकडं वळून ती तिच्या माहेरच्या बोलीत, "आते बोला ना. इतला वर्सं दुकानमा सगळासले सांगतस!"

माझ्याजवळ उत्तर होतं, आणि ते गोळीनं दिलेलं होतं. मी वर्षभर सिलोडोसिन घेत होतो. ती गोळी पुष्कळांना हेच करते, वीर्य येणं थांबवते. फरक इतकाच की गोळी सोडली की परत येतं, ऑपरेशननं गेलं ते येत नाही. म्हणजे ऑपरेशननंतरचं आयुष्य मी आधीच चाखून पाहिलेलं होतं. फरक पडतो का? पडतो. चालवून घेता येतो का? मला येतो. एवढं मी तिच्यासमोर डॉक्टरांना सांगितलं, कानाच्या पाळ्या गरम झाल्या, पण सांगितलं. सिलोडोसिनवर असलेल्या दुकानातल्या माणसांना मी आता हेच विचारतो, की गोळीनं तसं झालं होतं का, आणि झालं तेव्हा कसं वाटलं. ज्याला फार खुपलं असेल त्यानं मोठ्या शहरात जाऊन रेझूमच्या वाफेची चौकशी करावी, ग्रंथी त्या मापाची असेल तर.

माझी ग्रंथी ५६ ग्रॅमची, मधला भाग मूत्राशयात डोकावणारा, म्हणजे टाचण्यांचा फारसा उपयोग नव्हता. उरलं टीयूआरपी आणि होलेप. माझा एक मित्र सुरतेला जाऊन होलेप करून आला. त्याची ग्रंथी ११० ग्रॅमची, त्याला तेच योग्य होतं, मी असतो तर मीही गाडी धरली असती. आमच्याकडून सुरत सोपी पडते, अमळनेरला बसलं की नंदुरबार मागं टाकून थेट. पण माझ्या मापाला दोन्हींत धारेचा फरक नाही, आणि मला धास्ती होती ती घरी आल्यानंतरची. टीयूआरपीनंतर दहा-पंधरा दिवसांनी आतली खपली सुटते तेव्हा काहींना पुन्हा रक्त येतं, गुठळी अडकून लघवी तुंबू शकते. लेझरनंतरही हे अगदीच होत नाही असं नाही. ते रात्री दोनला झालं तर ज्यानं ऑपरेशन केलं तो माणूस तासाभरावर हवा, पाच-सहा तासांच्या रेल्वेप्रवासावर नको. म्हणून धुळ्याला बायपोलर टीयूआरपी केलं, वर्षानुवर्षं हेच करत आलेल्या सर्जनकडं. पुण्या-मुंबईच्या माणसाला हा हिशेब करावा लागत नाही, आमच्या माणसाला करावा लागतो. योजनेच्या कार्डावर करणाऱ्यांनी त्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, आधीच विचारावं की नेमकी कोणती पद्धत पॅकेजमध्ये बसते. ७० वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही २०२४ पासून उत्पन्न न बघता आयुष्मानचं कार्ड मिळतं, ते अजून पुष्कळ घरांत काढलेलंच नाही.

ऑपरेशनचं वर्णन करण्यात अर्थ नाही. पाठीत सुई, कमरेखाली बधिर, पडद्यावर लाल-पांढरं काहीतरी. नंतरचे दिवस जास्त लक्षात आहेत. तीन तोंडांची नळी, वर टांगलेल्या सलाइनच्या बाटल्या, खाली पिशवी, आणि वॉर्डात सगळ्या नातेवाइकांची एकमेकांत रंगांची चर्चा. "तुमना आज गुलाबी शे, आमना अजून लालच." कापसाच्या प्रतीवर बोलावं तितक्या बारकाईनं. नळी निघाल्यावर पहिली लघवी जळजळते, मग धार बघून माणूस लहान पोरासारखा खूश होतो. घरी आल्यावर मोटारसायकल बंद, पोतं उचलणं बंद, शौचाला जोर करणं बंद, म्हणून रात्री इसबगोल, आणि शेवभाजीला काही आठवडे रामराम. खपलीच्या दिवसांत दोनदा लाल दिसलं, पाणी वाढवलं, थांबलं. तुकड्यांचा रिपोर्ट साधा आला. बाहेरची साल मात्र अजून आत आहे, तेव्हा पीएसए पुढंही तपासत राहायचा. "आता प्रोस्टेटच नाही" असं समजून तपासणी सोडून दिलेले लोक मला दुकानात भेटतात.

रात्री उठणं पूर्ण थांबलेलं नाही. चारदा उठायचो, आता एकदा. ऑपरेशन धार सुधारतं, तुंबणं थांबवतं. रात्रीच्या उठण्यामागं मात्र साखर, पायांवरची सूज, झोप, आणि मूत्राशयाची जुनी सवय अशी इतरही कारणं असतात, त्यातलं सगळं सर्जनच्या हातात नसतं. डॉक्टरांनी संध्याकाळी सहानंतरचा चहा सोडायला सांगितलाय. दुकान नऊला बंद होतं आणि साडेसातला समोरच्या टपरीवरचा पोरगा न सांगता ग्लास आणून ठेवतो. तो ग्लास मी परत पाठवत नाही, एकदा उठतो.